सांगलीत मंदी असताना शेअर बाजार वर कसा?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. गुंतवणूकदारांसाठी दर तिमाहीला शेअर बाजार आणि अर्थव्यवस्था यांवर भाष्य लिहिणे हे माझे काम असल्यामुळे सांगलीत आलो की एक प्रश्न हमखास येतो: ‘इथे बाजारपेठेत गिऱ्हाईक नाही, द्राक्षाला दर नाही, कारखान्याकडे उसाचे बिल अडकले आहे, मग तुमचा सेन्सेक्स वर कसा जातो?’ मार्केट यार्डातले हळदीचे अडते हे विचारतात, तासगावचे बागायतदार विचारतात, आणि ज्यांच्या घरची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत ते विटेकरही विचारतात. प्रश्नात थोडा राग असतो आणि तो मला रास्त वाटतो, कारण निर्देशांकाचा आकडा देशाच्या भरभराटीचे माप म्हणून रोज आपल्यासमोर ठेवला जातो आणि तो तसा नाही.

सेन्सेक्स म्हणजे ३० मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांवरून काढलेला निर्देशांक. त्यांत बँकांचे वजन सर्वांत जास्त. शिवाय माहिती तंत्रज्ञान, तेल, वाहने, औषधे. टीसीएस आणि इन्फोसिस यांच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा उत्तर अमेरिकेतून येतो. ऊस, द्राक्ष, बेदाणा, हळद, डाळिंब, म्हणजे ज्यांवर आपला जिल्हा उभा आहे, त्यांपैकी काहीच या यादीत थेट नाही. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के आहे, पण काम करणाऱ्यांपैकी जवळपास ४५ टक्के लोक तिच्यावर अवलंबून आहेत. निर्देशांक यांपैकी कोणताच आकडा दाखवत नाही. आपल्याकडचे बरेचसे साखर कारखाने सहकारी आहेत, त्यांचे भाग सभासदांकडे असतात आणि त्यांची शेअर बाजारात खरेदी-विक्री होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली, तेव्हा बाजारात नोंदलेल्या साखर कंपन्यांचे भाव त्याच दिवशी घसरलेले सर्वांनी पाहिले. तोच निर्णय सहकारी कारखान्यांनाही लागू होता, पण त्यांचे नुकसान कोणत्याही पडद्यावर उमटले नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हळदीच्या सौद्यात जो दर निघतो तो समोरच्या मालाचा आणि त्या दिवशीच्या मागणीचा असतो; शेअरचा भाव मात्र कंपनीला पुढच्या अनेक वर्षांत होणाऱ्या नफ्याचा, आज केलेला अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचे आजचे मोल व्याजदरावर ठरते. व्याजदर उतरले की तोच भविष्यातला नफा आज अधिक मोलाचा ठरतो. हे २०२० मध्ये जितके स्पष्ट दिसले तितके मी तरी दुसऱ्या वेळी पाहिलेले नाही. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर आला. आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम सुरू असताना टाळेबंदी लागली, व्यापारी येईनात, आणि खाण्यासाठी पिकवलेला माल अनेकांना बेदाण्याकडे वळवावा लागला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळपास एक चतुर्थांशाने घटले. आणि त्याच तिमाहीच्या अखेरीस सेन्सेक्स ३५,००० च्या आसपास पोहोचला होता. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) मे महिन्यापर्यंत ४ टक्क्यांवर आणला होता, अमेरिकेने आपले दर शून्याजवळ नेले होते, जगभर पैसा स्वस्त झाला होता. आणि लहान दुकाने, लहान कारखाने बंद पडत असताना त्यांचा ग्राहक मोठ्या कंपन्यांकडे जाईल, असा हिशेब बाजाराने मांडला होता. म्हणजे सांगलीतल्या व्यापाऱ्याचे दुःख आणि निर्देशांकाची तेजी या काही अंशी एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण भाष्यात ते टाळणे अप्रामाणिक ठरेल.

उलटही घडते. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ओलांडलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,००० च्या जवळ आला, तेव्हा देशाचे उत्पन्न वाढतच होते. वेग मंदावला होता एवढेच. परदेशी गुंतवणूकदारांना आपल्या घरच्या संकटासाठी पैसा हवा होता आणि तो त्यांनी इथून काढला. आज अशा विक्रीसमोर आपली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याची योजना, उभी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी ९०,००० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे समभाग विकले, आणि त्याच महिन्यात एसआयपीतून २५,००० कोटींहून अधिक रक्कम आली. त्यात विश्रामबागेतल्या शिक्षकाचे आणि मिरजेतल्या परिचारिकेचेही पैसे आहेत. सांगलीची बचत बाजारात पोहोचली आहे, सांगलीची कमाई पोहोचलेली नाही.

याच बचतीच्या वाटेवर एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. गावागावांतली पोरे मोबाइलवर ऑप्शन्सचे, म्हणजे शेअर किंवा निर्देशांक पुढे कुठे जाईल यावर पैज लावल्यासारखे, व्यवहार करतात आणि त्यालाच शेअर बाजार समजतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांतले ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त होता. माझ्या किंवा कोणाच्याही भाष्याच्या आधारावर हे व्यवहार करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग बागायतदाराने काय करावे? ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंतच्या औषध-मजुरीसाठी लागणारा पैसा, किंवा पीककर्ज फेडायची रक्कम, एक दिवसही समभागांत नसावी. ती बँकेतच ठेवावी. दहा-बारा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी लागणारे पैसे मात्र साध्या निर्देशांक फंडात, म्हणजे सेन्सेक्समधल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा घालायला हरकत नाही, कारण अवकाळी पावसाने बाग गेली तरी त्या ३० कंपन्यांचा नफा सहसा त्यासोबत जात नाही.