दहा टायर, साडेबाराशे किलोमीटर आणि महिन्याचे तीस दिवस

एकच ट्रक घेऊन लांब पल्ल्याचा धंदा करायला निघालेला माणूस सगळ्यांना एकच विचारत फिरतो, "किलोमीटरला किती सुटतात?" माझं स्पष्ट मत आहे की या हिशोबामुळेच निम्म्या गाड्या फायनान्सवाल्याच्या यार्डात जाऊन उभ्या राहतात. बँकेचा हप्ता किलोमीटर बघून येत नाही, तारीख बघून येतो. म्हणून आधी काढायचा तो उभ्या गाडीच्या एका दिवसाचा खर्च.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक खेप धरू. दहा टायर गाडी, लासलगावहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत आणि तिथून मिळेल तो माल घेऊन परत महाराष्ट्रात. जायचं अंतर साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास. खालचे रुपये उदाहरणाचे आहेत, त्या जागी आपले आकडे घाला.

कर्ज २८ लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता बसतो साधारण ६०,००० रुपये. विमा, रोड टॅक्स, परमिट, फिटनेस मिळून वर्षाला दीड लाख धरा, म्हणजे महिना १२,५०० (२० ते ४० टन गटातल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ४३,९५० रुपये आहे). ड्रायव्हरचा पगार २५,०००. बेरीज ९७,५००. भागिले तीस. गाडी हलो न हलो, रोजचे ३,२५० रुपये गेले.

आता खेपेचा खर्च. जाऊन-येऊन २,५०० किलोमीटर, भरलेल्या गाडीला साडेचारचं अॅव्हरेज, ९० रुपयांचं डिझेल: ५०,०००. डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण) डिझेलच्या पाच टक्के धरलं तर २८ लिटर, दीड हजार. टोल १२,०००, टायरची झीज ६,०००, ऑइल-ग्रीस-दुरुस्तीची तरतूद ३,७५०, ड्रायव्हरचा भत्ता आणि वाटखर्च ८,०००, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि किरकोळ ३,०००. एकूण ८४,२५०. खेप दहा दिवसांत संपली तर त्यात ३२,५०० मिळवा, म्हणजे १,१६,७५०. तीच खेप बारा दिवस लांबली तर १,२३,२५०. दोन्ही बाजूंची भाडी मिळून या आकड्याच्या वर जे येईल ते तुमचं.

दहा दिवस कुठे जातात तेही बघा. भरायला एक, जायला तीन, खाली करायला एक, परतीचा माल मिळेपर्यंत एक, यायला तीन, उतरवायला एक. एका ड्रायव्हरच्या हाती दिवसाला चारशे-सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढची अपेक्षा धरू नका. रात्र काढून वाचवलेला दिवस एका डुलकीत गाडीसकट जातो. दिवस वाचवायचे ते उभ्या वेळातून.

परतीच्या भाड्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात गाडी लावून "अजून चार हजार वाढतील" म्हणून तीन दिवस थांबणं म्हणजे चार हजारांसाठी ९,७५० घालवणं. उलट, रागाने खाली, म्हणजे रिकामी गाडी घेऊन, निघून येणंही परवडत नाही. खाली गाडी सहाचं अॅव्हरेज देईल, म्हणजे २०८ लिटर, १८,७५० रुपये. भरलेली आली असती तर २५,००० लागले असते. वाचले फक्त सव्वासहा हजार, टोल तेवढाच. तेव्हा परतीच्या भाड्याची खालची मर्यादा अशी काढा: जादा डिझेल ६,२५०, वराई आणि किरकोळ ३,०००, थांबण्याचे दोन दिवस आणि उतरवण्याचा एक असे ९,७५०. झाले १९,०००. याच्या वर मिळणारं भाडं खाली येण्यापेक्षा चांगलं. मात्र हा आकडा स्वतःच्या डायरीत ठेवा, दलालासमोर तोंडातून काढू नका. ती मर्यादा आहे, दर नव्हे.

वजनाचं बोलू. जुलै २०१८ मध्ये एक्सलचे नियम बदलले आणि दहा टायर गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं: पुढे ७.५, मागच्या जोड एक्सलवर २१. हौद्यासकट रिकामी गाडी दहा टनांच्या आसपास भरते, म्हणजे माल साडेअठरा टन, पन्नास किलोच्या ३७० गोण्या. खरेदी जुन्या गाडीची असेल तर आरसी बुकातलं वजन वाचा. जुन्या पासिंगच्या गाडीच्या आरसीवर २५ च असतं. जास्त वजनाला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दोन टन जादा भरून मिळणाऱ्या भाड्यात हे बसत नाही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद वजनकाट्याचाच मागते. गाडी भरल्यावर स्वतः काटा करा, पावतीचा फोटो काढा आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर) तेच वजन लिहून घ्या.

कांदा श्वास घेतो, आणि हे भरताना विसरलं की मंडीत भाड्यातून कापून घेतात. गोण्या तागाच्या किंवा जाळीच्या असतात त्या यासाठीच. वरून ताडपत्री घट्ट आवळून चारी बाजू बंद केल्या तर आत घाम धरतो, मधल्या थप्पीतल्या गोण्या गरम होतात आणि तिसऱ्या दिवशी तळातून पाणी गळायला लागतं. वर आडवे बांबू टाकून ताडपत्री उचलून धरा, बाजू मोकळ्या ठेवा, पाऊस आला तरच ताडपत्री बाजूंनी खाली सोडा. पावसात भिजलेली गोणी हौद्यात घेऊच नका, ती शेजारच्या चार सडवते. लाल कांद्यात पाणी जास्त, तो उन्हाळी कांद्यासारखा दम धरत नाही. लाल कांदा भरलेली गाडी वाटेत मुक्कामाला ठेवायची नसते.

परतीचा माल कोरडा असेल तर सगळं उलटं. तिथे ताडपत्री पक्की हवी. दोन ताडपत्र्या असतील तर आधी मागची घाला, मग पुढची तिच्यावर दोन-तीन फूट चढवा. मागची वर आली तर समोरून येणारा वारा तिच्याखाली शिरतो, शंभर किलोमीटरात ती फुग्यासारखी होते आणि कड्या फाटतात. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून रस्सी पुन्हा ओढून घ्या. माल बसतो आणि रस्सी सैल पडते, दर वेळी.

आता घाट. शिरपूर सोडल्यावर पळासनेरपासून सेंधव्याकडे बिजासनचा चढ लागतो, पुढे नर्मदा ओलांडून धामनोदनंतर मानपूरच्या अलीकडे गणपती घाट. जाताना कांदा भरलेला असतो तेव्हा हे दोन्ही चढ आहेत, गाडी रडते पण धोका कमी. येताना दोन्ही उतार होतात, आणि ब्रेक जाऊन झालेल्या अपघातांसाठी दोन्ही जागा बदनाम आहेत. म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा परतीच्या मालावर होते, आणि तोवर लायनर साडेबाराशे किलोमीटर झिजलेले असतात. दिल्लीतून निघण्यापूर्वी ब्रेक अॅडजस्ट करून घ्या. इंजिन बंद करून, हवा पूर्ण भरलेली असताना ब्रेक दाबून धरा आणि एका माणसाला गाडीभोवती फिरून ऐकायला सांगा. सूं असा आवाज जिथून येतो तिथे गळती. हवेच्या टाक्यांचं पाणी रोज सोडा.

उतारावर गिअर चढाचाच: ज्या गिअरमध्ये ती गाडी तो घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, सोबत एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा). डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं हा निव्वळ गैरसमज आहे. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप दोन्ही थांबतात. घाट उतरून सपाटीला आल्यावर थांबा आणि हाताची पाठ प्रत्येक हबजवळ न्या, टेकवू नका. सगळे हब सारखे गरम लागले पाहिजेत. एखादा भाजतोय तर तिथला ब्रेक चिकटून बसलाय. एखादा थंड आहे तर तिथला ब्रेक लागतच नाही, आणि त्याचं काम बाकीचे करतायत. थंड हबकडे लोक दुर्लक्ष करतात. तो गरमपेक्षा वाईट.

टायरचा खर्च डिझेलसारखा रोज दिसत नाही म्हणून त्याची तरतूद राहून जाते. नवा रेडियल ट्यूब-फ्लॅपसकट २४,००० धरला तर दहांचे २,४०,०००, मागच्या आठांना एकदा रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवं रबर) ४८,०००, आणि सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास किलोमीटर. किलोमीटरला दोन रुपये तीस-चाळीस पैसे वेगळे काढून ठेवलेच पाहिजेत. पुढे कायम नवे, रिमोल्ड फक्त मागे. नक्षी तीन मिलिमीटर उरली की टायर उतरवा. तार दिसेपर्यंत पळवलेल्या टायरवर रबर चढत नाही, म्हणजे पाच हजार किलोमीटरसाठी पुढचे पन्नास हजार घालवले. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला लावू नका, उंच टायर सगळं वजन घेतो आणि बुटका घासत राहतो. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही. दर थांब्याला टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोकून बघा: भरलेला टायर टॉमी उसळवतो आणि टणक वाजतो, बसलेला भद्द.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना डीईएफचा त्रास म्हणतात, तो बहुतेक वेळा डीईएफचा नसतो, स्वस्त बादलीचा असतो. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी लागतं. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून विकणारे हायवेवर आहेत. त्यातले क्षार धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिस्टवर बसतात, आधी दिवा लागतो, मग इंजिन ताकद कापतं आणि भरली गाडी चढावर रांगते. सीलबंद बादलीच घ्या, फनेल वेगळं ठेवा, डिझेलचं वापरू नका. टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे जमले तर ओल्या फडक्याने पुसून मगच उघडा.

कागदांबद्दल थोडक्यात. कांद्याला ई-वे बिल (मालासोबतचं जीएसटीचं ऑनलाइन पत्र) लागत नाही, परतीच्या मालाला ५०,००० रुपयांच्या वर लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे साडेबाराशेला सात, आणि पहिला दिवस बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय चाक हलवू नका. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून मिळते. फास्टॅगमध्ये पूर्ण खेपेचे पैसे निघण्याआधी भरा. टॅगमध्ये पैसे नसले तर रोखीने दुप्पट टोल भरावा लागतो.

स्वतःची बिल्टी न काढता गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने देत असाल तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने पॅन आणि तसं लेखी दिलं तर टीडीएस कापायचा नसतो. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक पार्टीला द्या, कापून गेल्यावर परताव्याची वाट बघण्यात वर्ष जातं. आयकरात अशा मालकांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: १२ टनांवरच्या गाडीला दरमहा टनाला १,००० रुपये. २८.५ टनांच्या गाडीचे वर्षाचे ३,४२,०००. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तो महिना धरतात, आणि व्याज किंवा घसारा वेगळा वजा होत नाही. पहिल्या दोन वर्षांत व्याज भरपूर असतं, तेव्हा हिशेबाच्या वह्या ठेवून खरं उत्पन्न दाखवणं परवडतं का ते सीएकडून तपासून घ्या.

राहिलं भाड्याचं बॅलन्स. निघताना ऐंशी-नव्वद टक्के अॅडव्हान्स मिळतो, उरलेलं पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) आल्यावर. ते उरलेलं म्हणजेच तुमचा नफा, म्हणून पोचेला नोटेसारखं जपायचं. गाडी खाली झाली की ड्रायव्हरने तिथेच सही, शिक्का, तारीख आणि आत-बाहेरची वेळ पोचेवर घ्यावी. वेळ लिहिलेली नसेल तर होल्टिंगचा (गाडी अडकवून ठेवल्याच्या भरपाईचा) एक रुपया मिळत नाही. घट किंवा डॅमेजचा शेरा मारला असेल तर किलो किती, गोण्या किती ते आकड्यात लिहून घ्यायचं. नुसतं "माल खराब" लिहिलेल्या पोचेवर समोरचा वाटेल तेवढं कापतो. फोटो लगेच, मूळ कागद गाडीसोबत, हुंडेकऱ्याच्या (भाडं देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या) हाती दिल्याची सही डायरीत. पंधरा दिवसांत बॅलन्स आलं नाही तर त्या हुंडेकऱ्याची पुढची गाडी पूर्ण अॅडव्हान्सशिवाय भरायची नाही.