मॉरिशसला स्वतः गाडी चालवायचीय? आधी कार्डाचं बघा

मॉरिशसमध्ये गाडी चालवताना मला काही त्रास झाला नाही. जो झाला तो विमानतळावर, भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीच्या चार फुटी काउंटरवर, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आधीचं सगळं घरबसल्या झालं होतं. भारतीय पासपोर्टला व्हिसाचा अर्ज आधी करावा लागत नाही. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, तरी आरटीओचं इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलं. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. नुसतं परमिट चालत नाही, मूळ लायसन्सही लागतं, आणि तेही प्लास्टिकचं. मोबाइलमधलं डिजिलॉकर तिथे कुणाला दाखवणार?

आता काउंटर. व्हाउचरवर भाड्याचे पूर्ण पैसे भरल्याचं छापलेलं होतं. तरी पहिला प्रश्न आला, क्रेडिट कार्ड कुठाय?

यामागचं गणित आधी समजून घ्या. गाडीला विमा असतो, पण नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा भाडेकरूच्या अंगावर असतो. त्याला एक्सेस म्हणतात. तेवढी रक्कम कंपनी अनामत म्हणून तुमच्या कार्डावर अडकवून ठेवते. पैसे कापले जात नाहीत, बँक फक्त लिमिटमधला तेवढा भाग बाजूला काढते. याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. आकडा बुकिंगच्या पानावर ठळक नसतो, 'अटी' उघडल्या की खाली कुठेतरी सापडतो. माझ्या गाडीला तो ३०,००० मॉरिशस रुपये होता, म्हणजे आपले साधारण ५५,०००. कार्डाचं लिमिट नव्हे, *शिल्लक* लिमिट त्याहून जास्त हवं. त्याच कार्डावर तिकिटं आणि हॉटेल काढलं असेल तर हिशेब तिथेच फसतो.

पहिली अडचण नावाची. गाडी मी चालवणार, बुकिंग माझ्या नावाचं, आणि मोठ्या लिमिटचं कार्ड नवऱ्याच्या नावाचं. नवरा शेजारी पासपोर्ट घेऊन उभा, तरी चालणार नाही म्हणाले. नियम म्हणून ते बरोबरच होतं. बुकिंग, लायसन्स आणि कार्ड या तिन्हींवर एकच नाव हवं. यावर सोपा उपाय आहे, जो मला परत आल्यावर सुचला: त्याच खात्याचं ॲड-ऑन कार्ड. त्यावर आपलं नाव छापलेलं असतं आणि लिमिट मूळ कार्डाचंच वापरता येतं. निघायच्या महिनाभर आधी अर्ज करा.

दुसरी, कार्डाच्या प्रकाराची. डेबिट कार्डावर अडवलेली रक्कम बचत खात्यातली असते, ती सुटेपर्यंत आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत. बरेच काउंटर ते घेतही नाहीत. प्रीपेड फॉरेक्स कार्ड तर अनामतीसाठी अजिबात पुढे करू नका. सहलीचे पैसेच त्यात अडकून बसतील. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये रुपे आणि यूपीआय सुरू झालंय, म्हणून मीही निर्धास्त होते. खरेदीला ते ठीक, पण माझ्या काउंटरला अनामतीसाठी व्हिसा किंवा मास्टरकार्डचं क्रेडिट कार्डच हवं होतं.

मग पर्समधून माझ्या नावाचं कार्ड काढलं. ते चाललं नाही.

इथे चूक माझी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालतं, परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा. मी केला होता, पण ऑनलाइनपुरता. ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन, परदेशी दुकानातलं मशीन, परदेशी एटीएम आणि टॅप करून पैसे देणं ही चार वेगवेगळी बटणं असतात, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी. माझं मशीनचं बटण बंद होतं. ते सुरू करायला ॲप उघडलं, तर ॲपला भारतीय सिमवरून एसएमएस पाठवायचा होता, आणि रोमिंग मी घेतलेलं नव्हतं. विमानतळाच्या वायफायवर सगळं जग दिसत होतं, बँक सोडून.

शेवटी नवऱ्याच्या फोनवरून माझ्या सिमवर रोमिंग पॅक टाकून, ॲपची नोंदणी पुन्हा करून बटण सुरू केलं. यात पाऊण तास गेला. मागे रांग, काउंटरवरचे साहेब घड्याळाकडे बघतायत, आणि प्रत्येक नकारानंतर ते तेच कार्ड पुन्हा घालतायत. तसं करू देऊ नका. लागोपाठ तीन-चार नकार आले की बँकेची यंत्रणा कार्ड संशयास्पद समजून बंद करते, मग फोन केल्याशिवाय ते सुटत नाही. एकदा नकार आला की थांबा, कारण शोधा, मगच पुन्हा. मशीन पिन मागतं, ओटीपी नाही. वर्षानुवर्षं टॅप करून पिन विसरला असाल तर तो घरीच नवा करून घ्या.

कार्ड चाललं, स्लिप आली, मी सही केली आणि ती पर्समध्ये कोंबली. खरी चूक ही.

स्लिप जागेवर वाचायची. रकमेच्या वर, तारखेजवळ, व्यवहाराचा प्रकार छापलेला असतो. तिथे 'प्री-ऑथ' हवं. माझ्या स्लिपवर 'सेल' होतं, आणि ते मी रात्री हॉटेलात वाचलं. घाईत त्यांनी रक्कम अडवण्याऐवजी सरळ विक्री म्हणून कापली होती. फोन केला तर उत्तर आलं, दोन्ही एकच, गाडी परत दिली की पैसे परत मिळतील. एकच नाहीत. नुसती अडवलेली रक्कम सुटली की शून्य खर्च. विक्री झाली की बँक त्या दिवशीच्या दराने रुपयांत बदलते आणि वर परकीय चलनाचं शुल्क लावते. माझ्या कार्डाला ३.५ टक्के, म्हणजे ५५,००० वर १,९२५, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ३४६ रुपये. परतावा येतो तेव्हा हे २,२७१ परत येत नाहीत, आणि दर पुन्हा नव्याने लागतो.

'सेल' दिसलं तर लगेच, काउंटरवरूनच, 'व्हॉइड' करायला सांगा. 'रिफंड' नको. मशीनचा दिवसाचा हिशेब बँकेकडे जायच्या आत व्हॉइड केलं तर व्यवहारच पुसला जातो. दुसऱ्या दिवशी फक्त रिफंडच उरतो. आणि मशीन विचारेल, रक्कम भारतीय रुपयांत हवी का? नको म्हणा, मॉरिशस रुपयेच निवडा. भारतीय रुपयांचा दर मशीनवाला लावतो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

याच गडबडीत जादा विमा गळ्यात पडतो. तो घेतला तर एक्सेस कमी होतो किंवा शून्य होतो, मग अनामतही कमी. चार दिवसांसाठी परवडतो, बारा दिवसांसाठी कधी कधी भाड्याइतका होतो. गुणाकार घरी करून जा. टायर, काच, गाडीचा तळ आणि हरवलेली किल्ली त्यात धरलेली असते का, हे नेमकं विचारा. बहुतेक वेळा नसते.

गाडी घेताना चारही बाजूंनी, रिम्सच्या कडांसकट, व्हिडिओ काढा. इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडाही त्यात यायला हवा. पुढच्या काचेवर विम्याचं आणि रोड टॅक्सचं स्टिकर चालू तारखेचं आहे का बघा. डॅशबोर्डच्या कप्प्यात अपघाताचा 'ॲग्रीड स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स' फॉर्म असायला हवा, नसेल तर मागून घ्या. कुणाला इजा नसलेली किरकोळ धडक झाली तर दोन्ही चालक तो जागेवर भरून सह्या करतात. समोरचा सही करत नसेल किंवा कुणाला लागलं असेल तर पोलिस.

यापुढे मात्र सगळं सुखाचं. गाडी डावीकडूनच, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. बदलायची एकच सवय, गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तिथे लोक खरंच थांबतात, झेब्रावर माणूस दिसला तरी थांबतात, आणि तुम्ही थांबला नाहीत तर मागचा नव्हे, चालणारा दचकतो. वेगाचे कॅमेरे आहेत. दंड कंपनीमार्फत त्याच कार्डावर येऊ शकतो, म्हणून परतल्यावर महिनाभर स्टेटमेंट बघत राहा.

मुख्य बेट लांबीला ६५ आणि रुंदीला ४५ किलोमीटर. नकाशा बघून वाटतं, दोन दिवसांत संपेल. नाही संपत. हायवे सोडला की रस्ते उसातून जातात, आणि तोडणीआधीचा ऊस कोपऱ्यावर भिंतीसारखा उभा असतो. समोरून काय येतंय ते कळत नाही. साधारण जून ते डिसेंबर तोडणी चालते, तेव्हा उसाचे ट्रक. अंधारही लवकर पडतो, जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास. सकाळी लवकर निघणं यासाठीच. राजधानी पोर्ट लुईतून सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी साडेतीननंतर जाणं टाळा.

सगळ्यात चांगला दिवस नैऋत्येचा. किनाऱ्याने ल मॉर्नपर्यंत, मग काझ न्वायालवरून शामारेलचा घाट चढून पठारावर. साधारण शंभर किलोमीटर, पण दिवस अपुरा पडतो. ल मॉर्न ब्राबां हा ५५६ मीटरचा कातळ. पळून आलेले गुलाम इथल्या कपारींत लपायचे. २००८ पासून जागतिक वारसा. चढायचं असेल तर पहाटे, वरच्या टप्प्यात हातांचा आधार घ्यावा लागतो आणि ओल्या खडकावर जाऊच नये. शामारेलच्या सप्तरंगी मातीचं मूळ ज्वालामुखीच्या बेसॉल्टमध्ये आहे. तो कुजून लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, ते हे तांबडे-जांभळे उंचवटे. ऊन तिरपं असताना रंग उठून दिसतात, भर दुपारी सगळं तपकिरी. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा 'दोन'वर. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली जळका वास येतो.

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, १९९४ चं राष्ट्रीय उद्यान. गुलाबी कबूतर आणि मॉरिशसचा खरुची (केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी) इथलेच. १९७४ मध्ये या खरुचीचे चारच पक्षी रानात उरल्याची नोंद होती. बायनॉक्युलर न्या, आणि गाडीत काहीही उघडं ठेवू नका. किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी पठारावर पाऊस असतो, जॅकेट हाताशी हवं. पेत्राँवरून गंगा तलाव अगदी जवळ. मंगल महादेवाची ३३ मीटरची मूर्ती दुरूनच दिसते. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस मात्र टाळा. बेटभरातून कावडी घेऊन लोक रात्रंदिवस चालत येतात, वाहतूक वळवलेली असते, आणि अंधारात कडेने चालणारी माणसं पटकन दिसत नाहीत.

चक्रीवादळांचं राहिलं. नोव्हेंबर ते एप्रिल जाणार असाल तर इशाऱ्याचे चार वर्ग लक्षात ठेवा. तिसरा लागला की गाडी बाहेर काढायची नाही. दुसऱ्यालाच टाकी भरून, गाडी झाडापासून लांब लावून ठेवा.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट बघताना कोदाँच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून चालत जाणं बरं. शहरात बऱ्याच ठिकाणी पार्किंगचं कुपन लागतं, ते पेट्रोल पंपावर मिळतं. १८३४ पासून भारतातून जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर आले. ते जिथे उतरायचे त्या घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत, मोजून चढा. आपली मराठी माणसं वाकोआ शहराच्या बाजूला बरीच. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, आणि त्यांची 'झाकरी' म्हणजे आपल्या कोकणातला जाखडी नाच. चतुर्थीच्या सुट्टीला बँक आणि ऑफिसं बंद, तेव्हा काउंटरचं काही काम त्या तारखेवर टाकू नका. रस्त्यावरच्या ढोलपुरीसाठी (डाळ भरलेली पातळ पोळी) सुटे पैसे ठेवा. ती जोडीनेच मिळते.

गाडी परत करताना विमानतळाजवळच्या शेवटच्या पंपावर टाकी भरून पावतीचा फोटो काढा. पहाटेचं विमान असेल तर काउंटर बंद असतो आणि किल्ली पेटीत टाकायला सांगतात. तसं असेल तर अनामत सोडल्याची स्लिप कशी मिळणार, ते आदल्या दिवशी ईमेलवर लिहून घ्या.

माझा परतावा एकोणिसाव्या दिवशी जमा झाला. शुल्क आणि दरातला फरक धरून २,८०० रुपये कमी. स्लिप अजून पर्समध्येच आहे.