निरंकाराच्या रायेतील पाणी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वाळपईमार्गे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील नानोडे-बांबर येथे पोहोचले, तेव्हा वाटेतील काजूच्या बागा आणि जांभ्या दगडाचे सडे उन्हाने करपून गेले होते. ‘निरंकाराची राय’ या देवराईच्या कडेला चपला काढून आत शिरले आणि दहा-बारा पावलांतच पाय घोट्यापर्यंत थंडगार चिखलात रुतला.

जायफळाच्या कुळातील झाडांची ही दलदल आहे. सदैव पाणथळ असलेल्या या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. लांबून पाहावे तर शेकडो माणसे गुडघे वर करून बसली आहेत असे वाटते. त्यांपैकी एका गुडघ्यावर मी हात ठेवला. साल खरखरीत, ओलसर होती. जमिनीखाली न मिळणारी हवा झाड तिथूनच घेते.

सोबतचे वयस्क गावकर म्हणाले, “बाय, इथली पडलेली काटकीसुद्धा आम्ही चुलीसाठी नेत नाही.” कारण विचारल्यावर देवाच्या कोपाची एखादी कथा ऐकायला मिळेल असे मला वाटले होते, त्यांनी मात्र रायेतून निघून कुळागराकडे, म्हणजे पोफळीच्या बागेकडे, जाणाऱ्या ओहोळाकडे नुसती हनुवटी उचलली. पोफळी मे महिन्यातही हिरव्यागार होत्या.

उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन धावत सुटतो. वर्षावनात तोच पाऊस आधी पानांवर फुटतो, मग पाचोळ्यात जिरतो आणि मुळांच्या वाटेने जमिनीत उतरून पुढे कित्येक महिने थोडाथोडा पाझरत राहतो. पणजीतील माझ्या नळाला येणारे पाणी ओपा येथे खांडेपार नदीतून उचलले जाते, आणि त्या नदीला दूधसागरकडील, म्हणजे मोलेच्या जंगलातील, पाणी मिळते. २०२० साली त्याच जंगलातून जाणारी वीजवाहिनी, रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण आणि महामार्गाचे रुंदीकरण यांविरुद्ध गोव्यात आंदोलन झाले, तेव्हा आमच्या घरातील वाद झाडे आणि प्राण्यांपुरताच राहिला; नळाची आठवण कोणालाही, मलाही, झाली नाही.

वर्षावनांना पृथ्वीची फुप्फुसे म्हणण्याची प्रथा मला फारशी पटत नाही, कारण जुने जंगल जेवढा प्राणवायू निर्माण करते तेवढा जवळजवळ सगळा तेथील श्वसनात आणि कुजण्यातच खर्च होतो. त्याचे खरे मोल साठवलेल्या कार्बनमध्ये आणि पाण्यात आहे. अमेझॉनच्या जंगलात तर अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडे ती पुन्हा हवेत सोडतात, आणि असे पुनःपुन्हा होत तो ओलावा थेट अँडीजच्या पायथ्यापर्यंत जातो. बांबरची राय त्यापुढे चिमूटभर; पण काम त्याच जातीचे.

बाहेर पडताना पाय धुण्यासाठी मी ओहोळात उतरणार, तोच गावकरांनी हाताने अडवले. खाली लोक पाणी भरतात, असे सांगून त्यांनी करवंटीने पाणी काढले, मला काठापासून दूर उभे केले आणि माझ्या पायांवर ओतले.