कुलवृत्तान्ताच्या पुसल्या गेलेल्या फायली परत मिळवताना

बडोद्यात डांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी गेली काही वर्षे घराण्याच्या कुलवृत्तान्ताचे काम चालू आहे. मोडी पत्रांचे स्कॅन, जुनी छायाचित्रे आणि शाखांच्या याद्या १ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होत्या, तर प्रकरणांचे खर्डे लॅपटॉपवर होते. सुट्टीत आलेल्या पुतण्याने जागा मोकळी करण्याच्या उत्साहात दोन्हीकडचे फोल्डर शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबून काढून टाकले, त्यामुळे रिसायकल बिनमध्ये शोधण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुण्यातला माझा आतेभाऊ संगणकाच्याच व्यवसायात आहे. त्याने फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते असे : “दादा, डिस्क काढून ठेवा, लॅपटॉप बंद करा, आणि आता कशावरही काहीही उतरवून घेऊ नका.” बाजारातला एक दुरुस्तीवाला मात्र फायली शोधणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर टाकून बघू म्हणत होता. त्या दुरुस्तीवाल्याचे ऐकले असते तर परत मिळवण्यासारखे फारसे उरलेच नसते, आणि पुढचे बरेचसे लिहिण्याची वेळच आली नसती.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल पद्धतीत प्रत्येक फायलीची एक नोंद मुख्य तक्त्यात असते. फाइल पुसली की ती नोंद ‘वापरात नाही’ अशी होते आणि तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकूर मात्र तेथेच राहतो. सातबाऱ्यावरचे नाव खोडले तरी नवा कब्जेदार नांगर घालीपर्यंत पीक शेतात उभेच असते, तसे हे आहे. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की मग कोणत्याही प्रोग्रॅमचा इलाज चालत नाही.

म्हणून आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घेतली. विंडोज चालू असताना डिस्क जोडली तर ते आपल्या सोयीसाठी तिच्यावर बारीकसारीक लिहीत राहते. ते टाळण्यासाठी उबुंटू या विंडोजला पर्यायी असलेल्या मोफत प्रणालीच्या पेन ड्राइव्हवरून दुसरा संगणक चालू केला आणि डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने, मूळ डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातले फोल्डर वापरासाठी न उघडता, प्रत काढली. ते काम रात्रभर चालले. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर घरी हा उद्योग मुळीच करू नये, ती थेट प्रयोगशाळेत द्यावी, असे आतेभावाने बजावले होते. आमची डिस्क सुदैवाने धडधाकट होती.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेले ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे मोफत साधन घेतले. त्याला बटणे नाहीत, सारे आदेश टाइप करून द्यावे लागतात, आणि सापडलेल्या फायली ठेवण्यासाठी दुसरा ड्राइव्ह दाखवल्याशिवाय ते काम सुरू करत नाही. ही सक्ती मला फार शहाणपणाची वाटली. आमच्या फोल्डरांची नावे देवनागरीत होती आणि आदेशांच्या काळ्या खिडकीत त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसत, म्हणून नावाने न शोधता जेपीजी, टिफ आणि डॉक्सएक्स अशा प्रकारांनी शोध घेतला. ज्यांच्या नोंदी तक्त्यात शाबूत होत्या त्या फायली नावांसकट परत आल्या. एका छोट्या टेक्स्ट फायलीने तर चकित केले. एनटीएफएसमध्ये अगदी लहान फायलीचा मजकूर स्वतंत्र जागेत न जाता तक्त्यातल्या १०२४ बाइटच्या नोंदीतच मावतो; युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एका देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागत असूनही दत्तक गेलेल्या एका पणजोबांबद्दलची माझी चार ओळींची टीप त्यात अखंड सापडली.

ज्यांच्या नोंदींवर नव्या नोंदी बसल्या होत्या त्यांच्यासाठी फोटोरेक हे फायली शोधणारे दुसरे साधन वापरले. ते तक्त्याकडे पाहतच नाही. डिस्कवरचे कच्चे बाइट वाचत जाते आणि फायलीच्या आरंभीची ठरावीक खूण दिसली, उदाहरणार्थ जेपीजीची एफएफ डी८ एफएफ, की तेथून फाइल उचलते. प्रतिमेवरच ते चालवल्याने मूळ डिस्कला हात लावावा लागला नाही. फायली भरपूर मिळाल्या, पण नावे सगळी गेली : एफ हे अक्षर आणि पुढे आकडे, एवढेच. आमच्या स्कॅनच्या नावांतच शाखा आणि साल होते, आणि मोडी पत्रे दिसायला एकमेकांसारखीच असतात. छायाचित्रांत दडलेल्या तारखांवरून थोडी वर्गवारी झाली. बाकीची पत्रे वाचूनच लावावी लागली, आणि घरात मोडी वाचणारी एकटी काकू असल्याने तिच्या चष्म्याला विश्रांती मिळाली नाही. शिवाय जी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी साठवलेली असते ती फोटोरेकला बहुधा जोडता येत नाही. काही स्कॅन वरून स्वच्छ आणि खालून राखाडी निघाले, तर एका लग्नपत्रिकेखाली भलत्याच पत्राचा अर्धा भाग चिकटला होता.

लॅपटॉपची कथा वेगळी आणि लहान आहे. त्यात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, आहे. फाइल पुसताच विंडोज ‘ट्रिम’ या आदेशाने कोणती जागा आता नको आहे ते एसएसडीला कळवते, आणि ती जागा मागून वाचली तर बहुधा नुसती शून्ये मिळतात. ही सोय विंडोज ७ पासून आपोआप चालू असते. त्यामुळे लॅपटॉपवर खर्ड्यांची नावे सापडली, आकारही बरोबर दिसला, पण आत काहीच नव्हते. एसएसडी वेगवान म्हणून मी इतरांना ती आग्रहाने सुचवीत असे. आता त्याच्या जोडीला ही माहितीही देतो. खर्डे शेवटी आले ते पुण्याच्या आत्याला तपासण्यासाठी वेळोवेळी पाठवलेल्या ईमेलमधून; फक्त शेवटच्या प्रकरणातल्या दुरुस्त्या पुन्हा कराव्या लागल्या.

आता स्कॅनचा एक संच आतेभावाकडे आणि एक आमच्या घरी, संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर आहे. राखाडी झालेल्या पत्रांपैकी ज्यांचे मूळ कागद आमच्याकडे आहेत ती पुन्हा स्कॅन करून झाली. ज्यांचे मूळ कागद त्या त्या शाखांना परत केले होते त्यांची यादी काकूने करून दिली असून, ते पुन्हा मागवण्यासाठी मंडळींना पत्रे धाडण्याचे काम पुतण्याकडे सोपवले आहे.