गल्लीतला मुकद्दम

किल्ली हातात ठेवता ठेवता घरमालकीणबाई म्हणाल्या, "आधी मुकद्दमला भेटून ये." मोरोक्कोच्या राजधानीत, राबातच्या जुन्या शहरात घर घेतलं त्या दिवशीची ही गोष्ट. शब्द ऐकून मी थबकलेच. आमच्या खान्देशात मुकादम म्हटलं की ऊसतोडीची टोळी डोळ्यांपुढे येते. शब्द तोच, अरबीतून फारसीमार्फत आपल्याकडे आलेला.

मोरोक्कोतला मुकद्दम मात्र सरकारचा गल्लीतला माणूस. कोण कुठे राहतं, कोणाकडे पाहुणा उतरलाय, सगळं त्याला ठाऊक. "ही बाई इथंच राहते" असं त्याने सांगितलं की रहिवासाचा दाखला मिळतो, आणि त्याशिवाय आम्हा परदेशी लोकांचं निवासाचं कार्ड पुढे सरकत नाही. मी चार हेलपाटे घातले. चौथ्या वेळी तो कोपऱ्यावरच्या फर्रानपाशी भेटला. फर्रान म्हणजे मोहल्ल्याची सामायिक भट्टी. घरोघरच्या कणकेचे गोळे फळीवर फडक्याखाली झाकून तिथे येतात, आणि कुठली भाकर कोणाची हे भट्टीवाला नेमकं ओळखतो. मुकद्दमही तसाच. माझं नाव न विचारता म्हणाला, "हिंदी बाई, निळं दार."

मुकद्दमच्या वर काइद म्हणजे त्या भागाचा अधिकारी, त्याच्या वर गव्हर्नर आणि वाली म्हणजे प्रांताचा प्रमुख, आणि सगळ्यांच्या वर गृहखातं. ही नेमणुकीची उतरंड. तिच्या शेजारी निवडणुकीची दुसरी व्यवस्था आहे: ३९५ जागांचं प्रतिनिधीगृह, त्यावर वरिष्ठ सभागृह, १२ प्रांतांच्या परिषदा. २०११च्या राज्यघटनेनुसार सर्वाधिक जागा जिंकणाऱ्या पक्षातूनच राजाने पंतप्रधान नेमायचा असतो. त्याच घटनेने इथल्या मूळ रहिवाशांच्या अमाझिग (बर्बर) भाषेला अरबीबरोबर अधिकृत दर्जा दिला, म्हणून सरकारी पाट्यांवर तिची तिफिनाग अक्षरं दिसतात. तरी सैन्य, धर्म आणि मोठे निर्णय १९९९पासून गादीवर असलेले राजे सहावे मोहम्मद यांच्याच हाती आहेत.

हे निर्णय दिसतात मात्र डोळे दिपवणारे. कासाब्लांका ते टॅन्जियर प्रवासाला पूर्वी जवळपास पाच तास लागत. २०१८मध्ये 'अल बोराक' सुरू झाली, आता दोन तास दहा मिनिटं पुरतात. केनित्रा सोडलं की गाडी ताशी ३२० किलोमीटरचा वेग धरते. आफ्रिकेतली ही पहिली अतिवेगवान रेल्वे, आणि २०३०च्या फुटबॉल विश्वचषकाआधी ती माराकेशपर्यंत न्यायचं काम चालू आहे.

पण सप्टेंबर २०२३च्या भूकंपात अॅटलासच्या डोंगरात जवळजवळ तीन हजार माणसं गेली. दरडींनी रस्ते बुजले, कित्येक वाड्यांवर मदत उशिरा पोचली. २०२५च्या शरदात इथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली ती दवाखाने आणि शाळा मागायला. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या सरकारचा माणूस माझ्या दाराचा रंग जाणतो, त्या सरकारचा डॉक्टरही डोंगरातल्या बाळंतिणीपर्यंत पोचायलाच हवा.

जुनं जपण्यात मात्र या देशाचा हात धरणारे थोडे. फेझच्या जुन्या शहरात आजही मोटार शिरत नाही. गॅसच्या टाक्या, विटा, ओली कातडी, सगळं खेचरांच्या पाठीवर. मागून "बालाक, बालाक!" अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं. तिथली करावियीन मशीद आणि विद्यापीठ ८५९ साली फातिमा अल-फिहरी या बाईने उभारलं, असं परंपरा सांगते. त्या दारापाशी मी बराच वेळ उभी होते.

टॅन्जियरला गेले ती इब्न बतूतासाठी. १३०४ साली तिथे जन्मलेला हा प्रवासी दिल्लीत काझी झाला, दौलताबादला आला, आणि पुढे माझ्या नंदुरबारातही. तिथल्या मराठ्यांच्या जेवणात भात, भाजी आणि तिळाचं तेल असतं, असं त्याने नोंदवून ठेवलंय. त्याची म्हणून दाखवतात ती कबर गल्लीबोळांत, एका लहानशा खोलीत आहे. दारातल्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठून आलात? "नंदुरबार," मी म्हणाले. त्याने ते नाव दोनदा, सावकाश, स्वतःशीच म्हणून पाहिलं.