हँडिकॅप उतरला, आता कोणता सेट घेऊ?

हँडिकॅप म्हणजे गोल्फमध्ये ठरल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. तो उतरला की प्रश्न साधारण असा येतो. "मॅडम, दोन-तीन वर्षं खेळतोय. हँडिकॅप २८ वरून २० वर आला. मित्राचा जुना क्लबांचा सेट आता पुरे झाला. भाचा दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, त्याला कोणता सेट आणायला सांगू?" विचारणाऱ्याच्या फोनमध्ये तोवर दोन-तीन सेट हेरून ठेवलेले असतात, सगळे चकचकीत, आणि माझ्याकडून त्याला फक्त एका नावावर शिक्का हवा असतो. तो मी मारत नाही. का, ते सांगते.

क्लब (चेंडू मारायची काठी) निवडायचा तो आपल्या नेहमीच्या चुकलेल्या फटक्याकडे बघून. सगळं जुळून आलेला फटका उसन्या क्लबनेही झकास जातो. २० हँडिकॅपवाल्याचं स्कोअरचं कार्ड बिघडतं ते क्लबच्या टोकाला लागलेल्या, आधी जमीन खरवडून मग लागलेल्या आणि उजवीकडे झाडीत पळालेल्या चेंडूंनी. दुकानात जाताना मात्र डोक्यात असतो तो गेल्या रविवारचा एकुलता एक देखणा फटका, आणि खरेदी त्याच्या नावाने होते.

म्हणूनच "खेळ सुधारला, आता ब्लेड घेऊ का?" याचं उत्तर नाही. ब्लेड म्हणजे मागून सपाट, सडपातळ डोक्याचे आयर्न, आणि आयर्न म्हणजे मधल्या अंतराचे, आकडे कोरलेले धातूचे क्लब. टायगर वुड्स ब्लेडने खेळतो हे खरंय, पण त्याचा चेंडू रोज क्लबच्या चेहऱ्याच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, त्याच ठिपक्यावर लागतो. आपल्यासाठी कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून खोलगट आयर्न, आहेत, आणि ते काही नवशिक्यांना दिलेलं सांत्वन नव्हे. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. गोल्फ धरला चाळिशी उलटल्यावर, आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू भोकात ढकलणं, काही जमेना. १९५९ मध्ये त्याने स्वतःच एक पटर बनवला. त्यात क्लबच्या डोक्याचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं होतं. चेंडू लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. हीच युक्ती त्याने मग आयर्नमध्ये आणली. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालताना हातात लांब बांबू धरते, तिथलंच हे गणित: वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं ते गर्रकन फिरायला नाखूश. टोकाला लागलेला चेंडू कॅव्हिटी बॅकने दहाएक यार्ड कमी जाईल. ब्लेडने तोच फटका पुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पडेल आणि वर मनगटाला झिणझिण्या येतील. आजकाल मधल्या वाटेचे, दिसायला सडपातळ पण आतून पोकळ असे आयर्नही मिळतात. हँडिकॅप १२-१४ च्या आत आला की त्यांचा विचार करा. त्याआधी नको.

आता तुमचा चुकलेला फटका नेमका कोणता, हे पैसे न घालता कळतं. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. ड्रायव्हिंग रेंजवर सात नंबर आयर्नच्या चेहऱ्यावर शाई फासा, चेंडू मारा, बघा. चेंडूने शाई पुसल्याचा गोल डाग दिसतो, अगदी खळग्यांच्या नक्षीसकट. प्रत्येक वेळी पुसून पुन्हा फासायचं, आणि डाग कुठे पडतात याचा फोटो काढत जायचं. बहुतेकांना वाटत असतं की आपले फटके चेहराभर विखुरलेले आहेत. तसं सहसा नसतं. ते एकाच बाजूला घोळका करतात, बऱ्याचदा टोकाकडे. घोळका दिसला की त्याचं मूळ उभं राहण्यात आहे की क्लबच्या लांबीत, हे तुमच्या कोचला विचारा. विखुरलेलेच असतील, तर नव्या सेटचे पैसे आधी शिकवणीत घाला.

दुसरी चाचणी याच मार्करची. चेंडूवर एक जाड रेघ ओढा, चेंडू ठेवताना रेघ उभी आणि क्लबच्या चेहऱ्याकडे येईल अशी ठेवा, आणि मारा. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. सरळ उभा असेल तर लाय अँगल, म्हणजे दांडा आणि जमीन यांच्यातला कोन, तुमच्या मापाचा आहे. ठशाचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे कललं असेल तर क्लब तुम्हाला जास्त उभा पडतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे ओढला जातो. खोटेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, कललं असेल तर उलट. वर्षानुवर्षं उजवीकडे जाणाऱ्या चेंडूसाठी माणसं ग्रिप बदलतात, स्टान्स बदलतात, श्रद्धास्थानंही बदलतात. आणि दोष कधी कधी दोन अंशांचा असतो. नुसत्या उंचीवरून हे ठरत नाही, बरं का. मनगट जमिनीपासून किती वर आहे ते मोजतात, कारण बुटक्या माणसाचे हात लांब असू शकतात. काही डोकी वाकवून लाय दुरुस्त करता येतो, काही कास्ट डोकी मात्र वाकवायला गेलं की तुटतात. घेण्याआधी विचारा.

लॉफ्टचं, म्हणजे चेहरा मागे किती कललाय त्या कोनाचं, गौडबंगाल तर सांगायलाच हवं. "नव्या सेटचा सात नंबर माझ्या जुन्यापेक्षा १५ यार्ड लांब जातो!" जाणारच. जुन्या सात नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असायचा. आजच्या कॅव्हिटी बॅकमध्ये तो ३० किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ जुना सहा किंवा पाच नंबर आहे, त्यावर फक्त सातचा आकडा कोरलाय. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, डोकं खाली जड असल्याने चेंडू उंच जातो आणि लॉफ्ट थोडा कमी चालतो. पंचाईत होते ती खालच्या टोकाला, म्हणजे वेजमध्ये (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबांत). पिचिंग वेज ४३-४४ अंशांवर येतो, आणि बॅगेत जुना सँड वेज ५६ चा. मधे बारा-तेरा अंशांची पोकळी. ९० यार्डांवरून एक मारला तर चेंडू ग्रीनच्या मागे जातो, दुसरा मारला तर अलीकडे पडतो. आमच्या कोर्सवरचा बॅग उचलणारा एक जुना कॅडी अशा वेळी दोन्ही क्लब हातात देतो आणि म्हणतो, "घ्या, अर्धा अर्धा मारा." त्यामुळे सेट घेताना पत्रकातला लॉफ्टचा तक्ता आधी उघडा, आणि ४९-५० अंशांचा एक वेज त्याच खरेदीत धरा. वरच्या टोकाला तीन आणि चार नंबर आयर्न घेऊच नका, तिथे हायब्रिड (मारायला सोपा, जाडसर डोक्याचा क्लब) घ्या. चार नंबर आयर्न छान मारणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती हा प्रश्न विचारायला येत नाहीत.

शाफ्टबद्दल, म्हणजे दांड्याबद्दल, फार लांबण लावत नाही. स्विंगच्या वेगावर त्याचा फ्लेक्स (लवचिकपणा) ठरतो, वयावर किंवा मिशांवर नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, वेग ताशी ९० मैलांच्या आसपास असेल तर रेग्युलर पुरतो, ९५ च्या वर गेला तर स्टिफ बघावा. पुरुषांना 'सीनिअर' हा शिक्का नको असतो आणि बायकांच्या गळ्यात दुकानदार डोळे मिटून 'लेडीज' मारतो. मी रेग्युलरने खेळते. माझ्या गटातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी सीनिअर फ्लेक्स घेतला, तोही शाफ्टवरचं अक्षर घरी खरवडून. चेंडू आता हवेत जातो, साहेब खूश आहेत.

वेजच्या बाउन्सकडे मात्र आपल्याकडे कुणी बघत नाही, आणि खरं तर आपल्यालाच त्याची गरज जास्त. बाउन्स म्हणजे वेजच्या तळाचा मागचा भाग चेहऱ्याच्या धारेपेक्षा किती खाली उतरलाय तो कोन. पुण्यात मे महिन्यात फेअरवे (कापलेल्या गवताची मधली वाट) तव्यासारखा टणक होतो. तिथे १४ अंश बाउन्सचा वेज जमिनीवर आपटून उसळतो आणि चेंडूच्या मध्यावर बसतो, चेंडू ग्रीन ओलांडून पार. जुलैत तीच जमीन लोण्यासारखी. तिथे कमी बाउन्सची धार रुतून बसते. बंकरमध्ये याच्या उलट: पावसाने दबलेल्या वाळूत कमी बाउन्स बरा, भुसभुशीत वाळूत जास्त. चार महिने पावसाच्या, चार महिने दगडाच्या मैदानावर खेळणाऱ्याने ५६ अंशांत १० च्या आसपासचा बाउन्स घ्यावा. दोन्ही ऋतूंत थोडा थोडा चुकेल, पण दगा देणार नाही. परदेशातल्या मऊ गवतावरच्या सल्ल्याने १४ चा मागवू नका.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. डोक्याला नियमानेच ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि बहुतेक सगळे तिथवर पोचलेले आहेत, त्यामुळे गेल्या पाच-सात वर्षांतला कुठलाही चांगला ड्रायव्हर तुम्हाला पुरून उरेल. फक्त ९ अंशांचा घेऊ नका. साडेदहा, नाहीतर बाराही. लॉफ्ट जास्त असला की चेंडू उंच जातो आणि बाजूला कमी वळतो. दुकानातले ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. ग्रिप इंचभर खाली धरून बघा, शाईचे डाग मध्याकडे सरकतात की नाही ते.

आणि १४ क्लबांची मर्यादा आहे म्हणून १४ भरायलाच हवेत असं नाही. ड्रायव्हर, एक फेअरवे वुड (जमिनीवरून लांब मारायचा, मोठ्या डोक्याचा क्लब), दोन हायब्रिड, सहापासून नऊपर्यंत आयर्न, पिचिंग वेज, दोन वेज, पटर. बारा झाले. पटर भाच्याकडून मुळीच मागवू नका, तो हातात धरून, गालिच्यावर ढकलून, खाली बघताना डोळ्याला सरळ वाटतो की नाही ते पाहूनच घ्यायचा असतो.

बाकीचं जुनं घ्या. ऑनलाइन फारच स्वस्त दिसलं तर नकली असण्याची शक्यता धरा. टायटॅनियम म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याला लोहचुंबक चिकटला तर पुढे बोलूच नका. आयर्नच्या खाचांवरून नख फिरवा, धार लागायला हवी. दांडा डोक्यात शिरतो तिथे तडा आहे का बघा, डोकं हळूच पिळून खुळखुळतंय का ऐका. ग्रिप जुन्या सेटच्या कडकच झालेल्या असतात, त्या सगळ्या बदलाव्याच लागतील; तो खर्च आधी हिशोबात धरा आणि मग घासाघीस करायला बसा.