पळसगावचे नाईक यशवंत घाडगे

लहानपणी श्रीवर्धनहून मुंबईला जाताना एसटी माणगावात थांबली, की वडील तहसील कार्यालयाच्या दिशेने हात दाखवून सांगत, "तिकडे आपल्या यशवंतराव घाडग्यांचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता त्यांना." त्या वयात मला तो क्रॉस म्हणजे शाळेत मिळणाऱ्या पदकाहून थोडे मोठे पदक वाटत असे. पुढे मोठेपणी ब्रिटिशांच्या त्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानपत्र वाचले आणि वडील ते नाव घेताना आवाज का खाली आणत, ते उमगले.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचा. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. कोकणातल्या कित्येक घरांतले तरुण गिरणीत किंवा पलटणीत जात आणि घराचे डोळे मनिऑर्डरीकडे लागलेले असत. घाडगे पलटणीत गेले. त्यांची पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची, तिसरी बटालियन. याच बटालियनने १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्याशी झुंज दिली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ती दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, जर्मनांशी लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी त्यांच्या कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक या हुद्द्यावरचे घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे जवानांच्या लहान तुकडीचे, प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. आडोसा धरून मदतीची वाट पाहिली असती, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते, असे मला मनापासून वाटते. ते मात्र एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती गन आणि ती चालवणारा सैनिक निकामी केला, मग टॉमी गनने आणखी एकाला टिपले. दोघे अजून उरले होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतःचीच बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने त्या दोघांना ठार केले. नुकत्याच गोळ्या झाडलेल्या त्या नळीचा चटका त्यांच्या हाताला बसलाच असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय होते अवघे बावीस. वाचण्याची आशा फारशी नाही हे जाणूनच ते पुढे गेले, असे मानपत्रही नमूद करते.

दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. जाधव यांनी इटलीतल्याच सेनियो नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी जखमी साथीदारांना गोळीबारातून सुखरूप परत आणले आणि ते स्वतः युद्धातून जिवंत परतले. घाडग्यांची समाधी कुठेच नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजाजवळच्या मोन्तोने गावाने घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले, त्याचे ब्रीद आहे : आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ही बातमी मी वडिलांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि मग, "पळसगावचे नाव आहे ना त्यात?" एवढेच विचारले.